समितीतल्या बायका बोलत नाहीत? आधी यादी कुणी केली ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमएसडब्ल्यू झालंय, एका संस्थेच्या प्रोजेक्टवर नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यात जाताय, तिथे युद्धपीडित आणि गावकरी यांची मिळून एक समिती आहे, नियमाप्रमाणे एक तृतीयांश बायका आहेत पण मीटिंगमध्ये त्या गप्प बसतात, तर त्यांना कॉन्फिडन्स यावा म्हणून कसलं ट्रेनिंग द्यावं. आणि दुसरं, लायबेरियात बायकांनी युद्ध थांबवून दाखवलं तर इथे तसं का होत नाही.

मी नेपालगंजला राहून बांके, बर्दिया, दांग ह्या पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम केलंय, जास्त करून बेपत्ता लोकांच्या घरच्यांबरोबर. त्यामुळे सांगते ते ह्या भागाबद्दल आहे, दुसऱ्या देशात जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

सगळ्यात आधी, ट्रेनिंगचा विचार थोडा बाजूला ठेवा. ह्या बायकांना बोलता येत नाही असं नाहीये. चूल पेटवता पेटवता त्या तासभर बोलतात, कोणत्या साली कोणत्या रात्री कोण आलं, दार कुणी वाजवलं, गाडी कुठल्या दिशेला गेली, सगळं सांगतात. मीटिंगमध्ये त्या गप्प असतात कारण त्यांना माहिती असतं की त्यांच्या कामाची गोष्ट ह्या खोलीत ठरणारच नाही, ती आधीच कुठल्यातरी यादीत ठरून गेलीय. मदत कुणाला, ओळखपत्र कुणाला, सैनिक कोण, पीडित कोण, ह्या याद्या ज्यांनी केल्या त्यांनी बायकांना आत घ्यायचं का बाहेर ठेवायचं ते ठरवलं, समितीतली खुर्ची त्यानंतरची. म्हणून मी नेहमी आधी यादी मागते.

थोडं मागचं सांगते, कारण तुम्हाला तिथे हे पावलोपावली लागेल. माओवादी युद्ध १९९६ ते २००६, साधारण १७ हजार लोक गेले, तेराशेहून जास्त बेपत्ता. नोव्हेंबर २००१ मध्ये माओवाद्यांनी दांगच्या बॅरेकवर हल्ला केला, आणीबाणी लागली, सेना रस्त्यावर उतरली आणि बर्दियात पुढची दोन वर्षं भयंकर गेली. युएनच्या मानवाधिकार कार्यालयाने २००८ मध्ये बर्दियावर वेगळा अहवाल काढला त्यात एकट्या ह्या जिल्ह्यातल्या दीडशेहून जास्त बेपत्ता लोकांची नोंद आहे, बहुतेक सगळे थारू म्हणजे ह्या तराईतल्या आदिवासी समाजाचे, आणि बहुतेकांना नेलं ते सरकारी दलांनी. ह्याच्या मुळाशी जमीन आहे. थारू कुटुंबं पिढ्यानपिढ्या जमीनदाराकडे कमैया म्हणजे वेठबिगार म्हणून राबायची, जुलै २००० मध्ये सरकारने ती पद्धत बंद झाल्याचं जाहीर केलं, जमिनीवरून ताण होताच, आणि मग जमीनदाराने बोट दाखवलं की तो माणूस माओवादी ठरायचा. हे माहिती नसेल तर समितीत कोण कुणाकडे बघून गप्प बसतंय ते कळत नाही.

२१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार झाला. वाटाघाटीला बसलेल्या दोन्ही बाजूच्या टीममध्ये एकही बाई नव्हती. माओवादी तर सांगायचे की आमच्या सैन्यात तीस चाळीस टक्के बायका आहेत, लढायला होत्या, टेबलावर नव्हत्या. त्याच्या सहा महिने आधी, मे २००६ मध्ये, संसदेने सरकारी यंत्रणेत ३३ टक्के महिला हव्यात असा ठराव केला होता, तरी अंतरिम संविधान लिहायला पहिली समिती नेमली ती सगळी पुरुषांची, बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे त्यात महिला घेतल्या. २००८ च्या संविधान सभेत मग ६०१ पैकी १९७ बायका आल्या, त्या वेळी दक्षिण आशियात एवढं प्रमाण कुठेच नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण काठमांडूत १९७ बायका बसल्या होत्या त्याच वेळी बर्दियात काय चाललं होतं ते बघा.

सरकारने अंतरिम राहत म्हणजे मदत वाटायला सुरुवात केली. कोण पात्र? ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, बेपत्ता झाला, ज्याला अपंगत्व आलं, जो विस्थापित झाला, ज्याचं अपहरण झालं. बलात्कार झालेली बाई ह्या यादीत नाही. छळ सोसलेलं माणूसही नाही. रकानाच नाही म्हटल्यावर बाई येऊन सांगणार काय आणि कुणाला. पोलिसात जावं तर बलात्काराच्या तक्रारीची कायद्यातली मुदत होती ३५ दिवस. हो, पस्तीस दिवस, आणि तेही युद्ध चालू असताना, जिथे अत्याचार करणाराच वर्दीत होता. नंतर ती १८० दिवस झाली, २०१८ मध्ये एक वर्ष झाली, पण २००२ साली घडलेल्या गोष्टीला त्याचा काय उपयोग.

बेपत्ता माणसाच्या बायकोचं आणखी अवघड. नवरा मेला म्हणावं तर प्रेत नाही, तेव्हाच्या कायद्याने मृत समजायला बारा वर्षं थांबायचं, तोपर्यंत जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. अर्जाला नाता प्रमाणपत्र, म्हणजे नात्याचा दाखला लागतं, त्याला लग्नाची नोंद लागते, ती बहुतेकींची केलेली नसायची, नागरिकत्वाचा कागद काढायचा तर नवरा किंवा बाप शिफारसीला उभा लागायचा, आणि बाप लांब, नवरा तर नाहीच. मग शिफारस कोण देणार तर सासरा किंवा दीर. आणि पैसे आले की त्यावर हक्क कुणाचा हे पण तेच ठरवणार. काही घरांत सासूसासरे खरंच सुनेबरोबर उभे राहिले, मी पाहिलेत असे, स्वतः सायकलवर बसवून ऑफिसात घेऊन येणारे सासरे. पण कुठल्या बाईला कसला सासरा मिळतो ह्यावर राज्याची मदत अवलंबून असणं हे मला आजही पटत नाही.

बेपत्ता की मृत ही निवडसुद्धा फक्त कागदाची नसते. मृत लिहिलं तर काम लवकर होईल असं ऑफिसात सांगायचे. बायका ते लिहून द्यायला तयार नसायच्या, कारण मग कुंकू पुसायचं, बांगड्या काढायच्या, आणि आपणच नवऱ्याला मारलं असं आयुष्यभर वाटणार. दुसरीकडे कुंकू लावलं तर गावात बोलणारे असतातच की नवरा नाही आणि ही नटते. अशी बाई तुमच्या समितीत बसलीय. तिला तुम्ही संवाद कौशल्य शिकवून काय होणार आहे.

तक्रारींचंही तसंच. युद्धातल्या अत्याचारांचं सत्य शोधायला सत्य निरूपण आणि मेलमिलाप आयोग व्हायला २०१५ उजाडलं, २०१६ मध्ये तक्रारी घ्यायला लागले. साठ हजाराच्या वर तक्रारी आल्या, त्यात लैंगिक हिंसेच्या फक्त तीनशेच्या आसपास. काठमांडूत काही लोक म्हणायचे बघा, म्हणजे प्रमाण कमीच होतं. जिल्ह्यात तक्रार द्यायची कुठे होती ते विचारा ना. स्थानिक शांती समितीच्या ऑफिसात. तिथे सगळ्या पक्षांची माणसं, गावातली, ओळखीची, काही तर त्या काळात एका किंवा दुसऱ्या बाजूची. त्या समितीत ३३ टक्के महिलांचा नियम होता आणि बऱ्याच ठिकाणी पाळलेलाही होता. पण ज्या टेबलावर दीराचा मित्र फॉर्म घेतो तिथे कुठली बाई तो फॉर्म भरेल. पडदा लावलेली एक खोली आणि फॉर्म घ्यायला बाहेरच्या जिल्ह्यातली एक बाई, एवढं केलं असतं तरी आकडा वेगळा दिसला असता असं माझं ठाम मत आहे.

आता लढलेल्या मुलींची यादी. युएनच्या मिशनने, तिथे सगळे त्याला अनमिन म्हणतात, करारानंतर माओवादी सैनिकांना ठेवलेल्या छावण्यांमध्ये पडताळणी केली, १९,६०२ जण सैनिक म्हणून पात्र ठरले, त्यात ३,८४६ बायका. ४,००८ जण बाद, बहुतेक वयाने लहान होते म्हणून, बाकीचे उशिरा भरती झाले म्हणून. त्यात मुली बऱ्याच होत्या. ह्या बाद झालेल्यांना २०१० मध्ये छावणीतून बाहेर काढलं आणि कागदावर त्यांच्या नावापुढे अयोग्य असा शिक्का. विचार करा, चौदाव्या वर्षी घर सोडलेली मुलगी, जातीबाहेर लग्न केलेली, कदाचित कडेवर मूल, ती गावी परत जाते आणि गाव म्हणतं की तुला तर तुझ्या पार्टीनेही नाकारलं. ज्या पात्र ठरल्या त्यांची पण गंमत नव्हती. पाच वर्षं छावणीत बसवून ठेवलं, तिथे लग्नं झाली, मुलं झाली, आणि मग २०११-१२ मध्ये विचारलं की सेनेत जाणार का पैसे घेऊन निवृत्त होणार. तान्हं मूल असलेली बाई काय निवडणार. शेवटी नेपाळी सेनेत १,४२२ जण गेले, त्यात बायका शंभरच्या आसपास. कुणी त्यांना नाही म्हटलं नाही, फक्त नियम असा केला की त्यांनी स्वतःच नाही म्हणावं.

लायबेरियाचं तुम्ही विचारलंत ते इथेच घेते. २००३ मध्ये लेमा बोवी आणि त्यांच्या बरोबरच्या ख्रिश्चन आणि मुस्लिम बायकांनी पांढरे कपडे घालून मोनरोव्हियात धरणं धरलं, मग घानात अक्रा इथे बोलणी चालू होती तिथे जाऊन हॉलच्या दाराशी बसल्या आणि पुरुषांना बाहेर जाऊ देईनात. १८ ऑगस्ट २००३ ला करार झाला. हे सगळे सांगतात. पण त्या हॉलच्या बाहेर बसल्या होत्या, आत सही करणाऱ्यांत त्यांना जागा नव्हती, आणि त्याचा परिणाम लगेच पुढच्या टप्प्यात दिसला. नि:शस्त्रीकरणात नाव लागायला एक हत्यार किंवा ठराविक गोळ्या जमा करायच्या होत्या. टोळ्यांबरोबर असलेल्या मुली स्वयंपाक करायच्या, सामान वाहायच्या, कमांडरने बायको म्हणून ठेवलेल्या असायच्या, ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांची कमांडरने काढून घेऊन आपल्या माणसाला द्यायची की त्याचं नाव लागेल. म्हणजे तिथेही यादीच. पण तिथे बायकांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत, त्या छावण्यांमध्ये गेल्या, लोकांशी बोलल्या, आणि हत्यार नसलेल्या बायकांना पण आत घ्यायचं असा निकष सैल झाला. शेवटी एक लाखाहून जास्त लोकांची नोंद झाली आणि त्यात बायका बावीस हजारांच्या आसपास होत्या. माझ्यासाठी लायबेरियाचा खरा धडा हा आहे, धरण्यापेक्षा जास्त. धरणं लोकांना दिसलं, निकष बदलला तो फार कुणाला दिसला नाही, पण हजारो मुलींची नावं त्याने लागली.

आपल्याकडचं एक उदाहरण पण डोक्यात असू द्या. नागालँडमध्ये नागा मदर्स असोसिएशनने १९९४ पासून रक्तपात थांबवा म्हणून मोहीम चालवली, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांशी त्या बोलल्या, जंगलात जाऊन बोलल्या, सगळे त्यांना आई म्हणून मान द्यायचे. पण नगरपालिकेत ३३ टक्के आरक्षण द्यायची वेळ आली तेव्हा २०१७ मध्ये इतका विरोध झाला की दोन माणसं गोळीबारात गेली, मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं, आणि ती निवडणूक झाली थेट २०२४ मध्ये. आई म्हणून समजूत घालायला बोलावतात, सदस्य म्हणून मत द्यायला नाही. तुमच्या समितीतही बघा, बायकांना भांडण मिटवायला पुढे करतात का, आणि पैसे वाटायच्या वेळी मागे.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: गप्प बसण्याचं कारण बाईत शोधू नका, निकषात शोधा. फॉर्ममध्ये रकाना आहे का, कागद कुणाच्या सहीने निघतो, तक्रार कुठल्या टेबलावर द्यायची, ह्या तीन गोष्टी.

आता काय करायचं. पण हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे, ते आधी सांगते. समितीत जर असा माणूस बसला असेल ज्याच्यामुळे कुणाचा नवरा उचलला गेला, तर बाईचं गप्प राहणं हा तिचा शहाणपणा आहे, तुम्ही तो मोडू नका. दुसरं, महिला म्हणून एकच गट समजू नका. पहाडातून आलेली बाहुन क्षेत्री, म्हणजे वरच्या जातीची बाई मीटिंगमध्ये व्यवस्थित बोलेल आणि तुम्हाला वाटेल महिलांचं काम झालं, तेव्हा मागे बसलेली थारू बाई आणि दाराजवळची दलित बाई तोंड उघडणार नाही. पोलीस किंवा सैनिकाची विधवा वेगळी, तिचा नवरा माओवाद्यांनी मारला, तिला पेन्शन मिळते पण दुःख तेवढंच. पूर्वीची माओवादी लढाकू आणखी वेगळी. ह्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी एका सतरंजीवर बसवून मेलमिलाप करायला जाऊ नका. वेळ लागतो, काही वेळा होतच नाही, आणि त्याने काम अडत नाही. दोन गट वेगवेगळे बसून एकाच मागणीवर सही करू शकतात, मी हे होताना पाहिलंय, नागरिकत्वाच्या कागदाच्या मागणीवर सगळ्या एक होतात.

आणि भाषा! हे नवीन आलेल्या प्रत्येकाच्या नजरेतून सुटतं. मीटिंग नेपाळीत चालते, ती पण सरकारी नेपाळीत, आणि पन्नाशीच्या थारू बाईला ती नीट येत नाही. आपल्याला देवनागरी वाचता येते, नेपाळी महिन्या दोन महिन्यांत जमते, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांना येत असेल. निम्मी शांतता ह्याने असते. मीटिंग थारूत चालवा आणि नेपाळीत लिहून घ्या, बघा काय फरक पडतो.

पहिले काही आठवडे मीटिंग घेऊच नका. वडा कार्यालयात जाऊन बसा, तिथे वॉर्डला वडा म्हणतात, राहतच्या जुन्या याद्या बघा, मग घरी जाऊन बायकांना एकेकटीला विचारा की तुमचं काम कुठल्या कागदावर अडलंय. युद्धात काय झालं ते विचारू नका. ज्या बाईला सांगायचं असेल ती कागदाबद्दल बोलता बोलता सांगेल, तेव्हा ऐका, पण वहीत नाव गाव लिहून ठेवू नका, ती वही कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. लैंगिक हिंसेबद्दल गटात चर्चा तर अजिबात नको.

मीटिंगच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी बैठक, एकच मुद्दा ठरवायचा, आणि तो दोघींनी मिळून मांडायचा, एकीने सुरू करायचं दुसरीने धरायचं. एकटी बोलली तर ती तिची तक्रार होते, दोघी बोलल्या तर मुद्दा होतो. आणि तो माइन्युटमध्ये लिहून घ्यायचा, त्यांच्यासमोर वाचून दाखवायचा, मगच सही. तिथे माइन्युटच्या वहीला फार वजन आहे, तोंडी झालेलं उद्या कुणी मानणार नाही. भत्ता आणि बसचं भाडं बाईच्या हातात द्या, घरातल्या पुरुषाच्या नाही. असार साउनमध्ये, म्हणजे आषाढ श्रावणात, भात लावणी असते तेव्हा मीटिंग ठेवली तर कोणी येणार नाही आणि मग रिपोर्टात लिहाल की महिलांचा सहभाग कमी.

आणखी एक दार आहे ते नक्की वापरा. २०१५ च्या संविधानानंतर प्रत्येक पालिकेत न्यायिक समिती असते आणि तिचं अध्यक्षपद उपप्रमुखाकडे. नियम असा की प्रमुख आणि उपप्रमुख ह्या दोन्ही जागांवर पक्ष उमेदवार देत असेल तर त्यातली एक बाई हवी, मग २०१७ मध्ये पक्षांनी काय केलं तर प्रमुख पुरुष आणि उपप्रमुख बाई, ७५३ पालिकांत बायका प्रमुख १८ आणि उपप्रमुख ७००. वाईट वाटतं आकडा बघून, पण त्यामुळे न्यायिक समित्या बायकांच्या हातात आल्या. मजुरी, बांध, सांभाळ न करणं, घरातली भांडणं, ही सगळी प्रकरणं तिथे येतात. २०२२ मध्ये पक्षांनी आघाडी करून एकाच जागेवर उमेदवार दिला की नियम लागत नाही ही पळवाट शोधली आणि बायका कमी झाल्या, तरी बर्दियात तुमच्या पालिकेत कोण आहे ते आधी बघा. आपल्याकडे सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा हे आपण गावोगाव पाहिलंय, तिथेही ते आहे, पण समितीच्या निकालावर सही तिचीच लागते, आणि ज्या उपप्रमुख पहिलं वर्ष पूर्ण करतात त्या दुसऱ्या वर्षी वेगळ्याच बोलायला लागतात.

ट्रेनिंगचं बजेट आलेलंच असेल, ते परत जाऊ देऊ नका. डोनरला सांगून त्यातून कागदांचं शिबिर घ्या, नागरिकत्व, नाता प्रमाण, जमिनीचा लालपुर्जा म्हणजे मालकीचा कागद, एक वकील, एक थारू बोलणारी बाई, झेरॉक्स मशीन, आणि फॉर्म तिथल्या तिथे भरून द्या. २०२४ मध्ये आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तक्रार देऊ न शकलेल्यांसाठी, लैंगिक हिंसा सोसलेल्यांसाठी सुद्धा, पुन्हा मुदत ठेवली, त्याची सध्याची स्थिती काय आहे ते गुलरियातल्या, म्हणजे बर्दियाच्या मुख्यालयातल्या वकिलांकडून पोचल्या पोचल्या विचारून घ्या, कारण अशी मुदत गावात कळेपर्यंत संपून गेलेली असते.

तुमच्या समितीत एकूण किती जण आहेत, बायकांमध्ये थारू किती, आणि त्यांची नावं कुणी सुचवली, हे कळलं तर इथेच लिहा, मग पहिल्या मीटिंगचं बोलू.